टोकणारी आई

पुण्यात दुसऱ्याला शहाणपण शिकवायला कसलाही परवाना लागत नाही. मी मात्र रीतसर परवाना काढून ते काम केलं. शैक्षणिक मानसशास्त्रात पीएच.डी. आहे माझी. विषय, पालकांचा सहभाग आणि मुलांचं शिकणं. प्रबंधाची बांधणी काळी आहे, पाठीवर सोनेरी अक्षरं आहेत. माझ्याखेरीज तिघांनी तो वाचला, आणि त्यातल्या एकानं फक्त शेवटचं प्रकरण वाचलं होतं हे त्याच्या प्रश्नांवरूनच कळलं. त्या प्रबंधाच्या जिवावर मी आज बी.एड.च्या मुलींपुढे उभी राहून सांगते, की मूल समजून घ्यायचं असेल तर आधी त्याचं घर समजून घ्या. मुली ते वहीत उतरवून घेतात. त्या वेळी मला स्वतःची इतकी चीड येते की मी फळ्याकडे तोंड करते आणि पुसलेलाच फळा पुन्हा पुसत बसते.

फार जुनी गोष्ट नाही ही, चार-पाच वर्षांपूर्वीची. तेव्हा मी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. म्हणजे मे महिन्यात घरी बसायचं आणि जूनमध्ये पुन्हा नव्यानं अर्ज करायचा, जणू गेल्या वर्षी आपण तिथे नव्हतोच. चाळिशी उलटली होती. माझ्याच विद्यार्थिनी कायम झाल्या होत्या आणि स्टाफरूममध्ये मला 'बसा ना मॅडम' म्हणत होत्या. पीएच.डी. झाली तर कायम होणार, नाही तर जन्मभर असंच. त्यामुळे संशोधनाची जिज्ञासा वगैरे जे काही मी प्रस्तावनेत लिहिलंय ना, ते डोंबलाचं. मला नोकरी हवी होती.

माझ्या मार्गदर्शक सरांनी पालकांचा सहभाग मोजण्यासाठी एक यादी तयार केली होती. वीस वाक्यं. पालक मुलाशेजारी बसतात. पालक वही तपासतात. चुका दुरुस्त करून देतात. अभ्यासाला स्वतंत्र जागा आहे. घरात अवांतर पुस्तकं आहेत. मूल बोलत असताना पालक मध्येच टोकत नाहीत. प्रत्येक वाक्यापुढे शून्य, एक किंवा दोन गुण, एकूण चाळीस. मी पाचवीतल्या मुलांच्या घरी जायचं, तास-दीड तास कोपऱ्यात बसायचं, मूल अभ्यास करत असताना आईबाप काय करतात ते बघायचं आणि गुण द्यायचे. एका घरी तीन फेऱ्या. पहिली जून-जुलैत. मग ज्या पालकांना कमी गुण पडले त्यांना मार्गदर्शन. मग दुसरी फेरी दिवाळीनंतर, ते सुधारले का बघायला, आणि तिसरी मार्चमध्ये, सुधारणा टिकली का बघायला. कागदावर सगळं झकास होतं.

शाळा कसबा पेठेतली निवडली. नाव सांगत नाही. मुख्याध्यापिका बाई म्हणजे सरळ प्रकरण. माझं पत्र वाचून त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "तुमचं संशोधन होईल, तुम्ही डॉक्टर व्हाल. आमचं काय होणार?"

मी म्हटलं, शाळेला अहवाल देईन.

"अहवाल नको. ठेवायला कपाट नाही आमच्याकडे."

मग त्यांनी त्यांना काय हवंय ते सांगितलं. पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेसाठी शाळेत सकाळी सातला जादा वर्ग चालायचा. एक निवृत्त सर हौसेनं शिकवायचे, फुकट. पण नुसत्या परीक्षेपुरता तो वर्ग नव्हता. त्या सरांच्या हाताखालून गेलेलं पोर पुढे दहावीपर्यंत गणितात मागे पडत नसे, हे अख्ख्या पेठेला माहीत होतं. ज्यांना बाहेर क्लास लावणं झेपत नाही अशांना तेवढा एकच दरवाजा. जागा तीस. आणि दर वर्षी पाच-सहा मुलं मध्येच गळायची, कारण घरून कुणी लक्ष देत नाही, असं बाईंचं म्हणणं. तेव्हा कोणतं घर टिकाव धरेल, एवढं मी त्यांना सांगायचं. "नावं आणि पुढे खूण. हिरवी, पिवळी, लाल. बास."

पालकांकडून मी जो संमतीचा कागद भरून घेणार होते त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की ही माहिती कोणालाही दिली जाणार नाही. तो कागद माझ्या पर्समध्ये होता. मी म्हटलं, "हो, देते की."

घरं बघायला सुरुवात झाली. एक घर सांगते, म्हणजे यादी कशी चालायची ते कळेल. नव्या इमारतीतला फ्लॅट. आईवडील दोघंही आयटीत. मी येणार म्हणून दोघांनीही घरून काम घेतलेलं. पोराचं अभ्यासाचं टेबल आमच्या स्वयंपाकघराएवढं. त्या दिवशी जलचक्राचा तक्ता करायचा होता. वडिलांनी थर्माकोल कापलं, आईनं ढग चिकटवले, बाणांची अक्षरं वडिलांनीच काढली. पोराला म्हणाले, "बाळा, तू समुद्राला निळा रंग दे." पोरानं दिला. तोही जरा बाहेर गेला तर आईनं पुसून घेतला. मी बाळाला सहज विचारलं, हे पाणी वर कसं जातं रे? त्यानं आईकडे बघितलं. आई म्हणाली, "इव्हॅपोरेशन, मॅडम." आणि मग माझ्याकडे वळून हळूच, "आम्ही त्याला अजिबात टोकत नाही हं. सायकॉलॉजिकली हार्म होतो ना."

अडतीस गुण पडले त्यांना. पोहेही चांगले होते.

आणि त्याच आठवड्यात ते दुसरं घर. दिवसभर भांड्यांवर हातोडी पडल्याचा आवाज येतो अशा गल्लीतली दुसऱ्या मजल्यावरची एक खोली. यवतमाळकडची माणसं, पुण्यात येऊन सहा वर्षं झालेली. वडील खडकीला कंत्राटावर कामाला, संध्याकाळी घरी नसायचेच. आई लसूण आणि डाळिंब्या सोलून सकाळी मंडईत विकायला बसायची. डाळिंब्या म्हणजे मोड आलेले सोललेले वाल. आम्हां पेठेतल्या लोकांना उसळ हवी असते, सोलायला मात्र वेळ नसतो. आमच्या घरी इतकी वर्षं सोललेल्या डाळिंब्या मंडईतून येत आल्या, आणि सोलतं कोण हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाही कधी पडला नाही.

मी दारात चपला काढतेय तोवर ती बाई म्हणाली, "मले वाचता येत नाही जी. आधीच सांगून ठेवतो." त्यांच्याकडे बायकाही 'सांगतो', 'येतो'च म्हणतात.

म्हटलं, हरकत नाही. संमतीचा कागद तिला वाचून दाखवला, माहिती कोणालाही देणार नाही या वाक्यासकट. तिनं अंगठा नाही केला, सही केली. पोरीनं शिकवलेली होती. दहा मिनिटं लागली त्या सहीला.

मग ती भिंतीकडे तोंड करून परातीपुढे बसली. मुलगी तिच्या मागे, पाठीला पाठ लावल्यासारखी. म्हणजे आईला ना वही दिसत होती, ना पोरीचा चेहरा. मी मनात म्हटलं, झालं, शेजारी बसणे, शून्य.

"हं, सांग. आज काय शिकवलं?"

मुलगी सांगायला लागली. त्या दिवशी वर्गात अपूर्णांकांची बेरीज झाली होती. वाचून नाही हं, वही मिटलेली होती. आपल्या शब्दांत, आईला शिकवल्यासारखं. छेद म्हणजे भाकरीचे किती तुकडे केले ते, अंश म्हणजे त्यातले आपण किती घेतले ते. छेद सारखे असले की वरच्यांची नुसती बेरीज करायची. छेद वेगळे असले तर आधी ते सारखे करायचे, मग…

"थांब." आईचे हात चालूच होते. "काऊन अडखळली?"

"नाही अडखळले."

"अडखळली. पुन्हा सांग."

मुलगी पुन्हा पहिल्यापासून सांगत आली आणि अगदी त्याच जागी पुन्हा घुटमळली. जेमतेम श्वासाएवढं. माझ्या ध्यानातसुद्धा आलं नसतं.

"छेद सारखे कराचे म्हणते तू, पण कसे कराचे ते तुले येत नाही. उद्या बाईले विचारून ये."

मुलीनं वहीच्या समासात एक फुली मारली आणि पुढचं सांगायला लागली. दीड तासात आईनं तिला अकरा वेळा टोकलं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पुन्हा गेले, तर आईचा पहिला प्रश्न हाच, की काल जिथं अटकली होती तिथून सांग. आणि मुलीनं सरळ सांगितलं. त्या फुल्यांची नवी-जुनी अशी पानंच्या पानं होती त्या वहीत, एकेक खोडलेली.

मी न राहवून विचारलं, "तुम्हाला कसं हो कळतं, चुकलं ते?"

"चुकलं का बराबर, ते मले नाही समजत जी. पण येते तवा पोरगी सरसर सांगते. नाही येत तवा आवाज बारीक होते." मग जरा थांबून म्हणाली, "किडकी पाकळी बोटाले समजते का नाही? लसणाकडे पाहा थोडीच लागते."

बाई गं! मी पंधरा वर्षं जे पुस्तकांतून वाचत आले होते ते ही बाई वाल सोलता सोलता करत होती. मूल स्वतःच्या तोंडानं समजावून सांगतं तेव्हा आपल्याला काय येत नाही ते त्याचं त्यालाच कळतं, यावर मी एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं. परदेशी नावं घालून, तळटीपा देऊन. ते माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं, आणि माझ्या हातातल्या यादीत त्याला एक ओळसुद्धा नव्हती. होती ती एकच ओळ, आणि तीही उलटी. मध्येच टोकत नाहीत. इथे शून्य. वही तपासतात, शून्य. चुका दुरुस्त करून देतात, शून्य. स्वतंत्र जागा, शून्य. पुस्तकं, शून्य. अभ्यासाची वेळ ठरलेली होती आणि टीव्ही नव्हता, म्हणून आणि अशाच किडूकमिडूक गोष्टी मिळून चाळीसपैकी नऊ.

मी प्रामाणिकपणाचा एक झटका येऊन त्या घराबद्दल दोन पानं वेगळी लिहिली आणि मार्गदर्शक सरांना दाखवली. सरांनी ती उभ्या उभ्याच वाचली. "छान लिहिता," म्हणाले. "पण यादी प्रमाणित आहे. एका घरासाठी ती बदलायची असेल तर संशोधन कशाला करताय, कादंबरी लिहा." मी हसले. काय करणार, सही त्यांचीच लागणार होती. ती दोन पानं मी घरी आणली, आणि पुढे कधीतरी रद्दीत गेली.

ऑगस्टमध्ये मुख्याध्यापिका बाईंना यादी दिली. नावं आणि खुणा. त्या मुलीच्या नावापुढे लाल.

चार दिवसांनी जादा वर्गाची यादी फळ्यावर लागली. मुलीचं नाव नव्हतं. वर्गात तिचा दुसरा नंबर होता. निळा समुद्र रंगवणारं बाळ मात्र होतं यादीत, आणि त्याचे आईवडील त्याला बाहेरच्या दोन क्लासांनाही घालणार होते.

त्या दिवशी मी शाळेतच होते. दुपारी ती आई आली, मंडईतून तशीच, रिकामी पाटी कडेवर. आधी मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेली. दोन मिनिटांत बाहेर आली आणि व्हरांड्यात मला गाठलं.

"मॅडम, बाई म्हणे पोरगी हुशार हाय, घर कमी पडते. घर म्हणजे मीच ना?"

मी काहीतरी पुटपुटले. असं नसतं, अनेक गोष्टी बघतात वगैरे.

"तुमी लिहून नेलं होतं ना माह्या घरी बसून? मले किती मार्क भेटले?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. परीक्षेचा निकाल विचारावा तसं तिनं विचारलं, नापास झालोय हे माहीत असून नेमके किती ते विचारावं तसं. आणि मी काय म्हणाले माहितीये? म्हणाले, "ते गोपनीय असतं हो. कोणाला सांगता येत नाही."

तिनं मान डोलावली. "बरं," म्हणाली. आणि पाटी सावरून गेली.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी तडक मुख्याध्यापिकांकडे गेले. म्हटलं, त्या मुलीला घ्या, घरी तिचा फार चांगला अभ्यास होतो, मी डोळ्यांनी बघितलंय.

"मग लाल का केलंत?"

"यादीप्रमाणे ते तसं येतं. पण यादीत जे बसत नाही…"

"म्हणजे यादी चुकीची आहे?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मग तसं लिहून द्या. या घरापुरती माझी यादी चुकली, सही, तारीख. आत्ता घेते मुलीला. मलाही दहा लोकं विचारतात, एकीला घेतलं आणि माझ्या पोराला का नाही. कागद लागतो हो."

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. पेनही दिलं.

त्या बाईंना मी पुष्कळ दिवस मनातल्या मनात शिव्या घातल्या. पण खरं सांगायचं तर त्यांनी मला दरवाजा सताड उघडून दिला होता. दोन ओळी लिहायच्या होत्या. आणि मी हिशोब केला, की हा कागद सरांच्या हाती लागला तर? प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत कुणी वर काढला तर? ज्या यादीवर सगळा डोलारा उभा, तीच चुकीची असं मीच सही करून देऊ? म्हटलं, "विचार करून देते." पेन परत ठेवलं. बाईंनी कागद ड्रॉवरमध्ये टाकला आणि म्हणाल्या, "सहामाहीनंतर दोन-तीन जागा रिकाम्या होतातच. तोवर घर सुधारलं आणि मार्क टिकले, तर बघू."

घर सुधारलं तर! आणि मी तो शब्द झेलला. मला केवढं सुटल्यासारखं वाटलं. कारण घर सुधारणं हे तर माझ्या संशोधनातच होतं. कमी गुण पडलेल्या पालकांना मार्गदर्शन. म्हणजे माझी यादी चुकीची म्हणण्यापेक्षा त्या बाईला यादीसारखं करून टाकायचं. तिचे गुण वाढतील, मुलीला जागा मिळेल, माझा प्रबंध होईल. कुणाचंच नुकसान नाही. आपण किती हुशार, असंच वाटलं मला जिना उतरताना.

पुढच्या आठवड्यात गेले मार्गदर्शनाला. मुलीची आई परात बाजूला सारून, हात धुऊन, पदर नीट घेऊन बसली होती.

"ज्यांले चांगले मार्क भेटले ते काय करतात, तेवढं सांगा मॅडम. मी करतो."

मी सांगितलं. मुलीशेजारी बसा. काम करत बसू नका, तिच्या वहीकडे लक्ष द्या. रोज वही बघा, खाली सही करा. तिची एक जागा ठरवा. बाजारात मिळतं ते गाईड आणा. आणि मुख्य म्हणजे ती बोलत असताना मध्ये टोकू नका. मुलांचा आत्मविश्वास जातो.

"टोकू नको?" ती दचकलीच. "मंग तिले काय येत नाही ते कसं समजंल?"

मुलगीही बघत होती माझ्याकडे. आणि मी, चाळिशी उलटलेली, पंधरा वर्षं मानसशास्त्र शिकवणारी बया, म्हणाले, "ते शाळेत कळतं. तुम्ही फक्त तिला शांतपणे करू द्या."

"तुमी शिकल्यासवरल्या, तुमाले जास्त समजते," असं म्हणून तिनं विषय संपवला. टोमणा नव्हता तो. पुणेरी बाई असती तर टोमणा असता, आणि मी तो परतवला असता.

दिवाळी झाली. दुसऱ्या फेरीला जायच्या आधी सकाळी शाळेत डोकावले. सहामाहीचे निकाल लागले होते. मुलगी दुसऱ्या नंबरावरून तेराव्यावर गेली होती, गणितात तर फारच खाली. जादा वर्गातल्या रिकाम्या झालेल्या दोन जागा त्याच सकाळी भरल्या गेल्या होत्या. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "बघा, म्हटलं नव्हतं? घर कमी पडतं." मी बाहेर पडले.

संध्याकाळी त्या खोलीत गेले आणि दारातच थबकले. खोलीच्या एका कोपऱ्याला जुन्या साडीचा पडदा लावून जागा केली होती. फळीवर गाईड होतं, त्याला खाकी कव्हर घातलेलं. परात कुठे दिसत नव्हती. अभ्यासाच्या वेळात मी हातात काम घेत नाही आता, असं तिनं मला अभिमानानं सांगितलं. सोलायचं काम पहाटे उठून करत होती.

मुलगी पडद्याआड बसली, आई तिच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून. मुलगी गाईडमधली सोडवलेली गणितं वहीत उतरवत होती. आई वहीकडे बघत होती. बघत म्हणजे डोळे लावून बसली होती. मी मुलीला म्हटलं, मागच्यासारखं सांग की मला, आज काय शिकलीस. ती सांगायला लागली. दशांश अपूर्णांकांचा गुणाकार. दोन वाक्यं बरी गेली. तिसऱ्याला आवाज खाली गेला. या खेपेला तो बदल मलासुद्धा ऐकू आला.

आईनं तर तो ऐकलाच. तिची मान झटकन वर झाली, तोंड उघडलं. आणि मग तिनं माझ्याकडे बघितलं. माझ्या हातातल्या कागदाकडे बघितलं. ओठ मिटून घेतले, आणि पदराचं टोक मुठीत आवळून गप्प बसली. मुलगी चाचरत, चुकत, भलत्याच ठिकाणी टिंब देत शेवटापर्यंत गेली. तिला कुणीही थांबवलं नाही. मीही नाही, मी निरीक्षक होते ना! मग आईनं वहीखाली तिची सही केली. आता तिला दहा मिनिटं लागत नव्हती. रोजचा सराव झाला होता.

मी खुणा केल्या. शेजारी बसतात, दोन. वही तपासतात, दोन. जागा, दोन. मध्येच टोकत नाहीत, दोन. चाळीसपैकी एकतीस. माझ्या सगळ्या नमुन्यात इतकी सुधारणा दुसऱ्या कुठल्याच पालकाची नव्हती. प्रबंधात तिचं उदाहरण स्वतंत्र चौकटीत आहे. सरांनी ते परिसंवादातही सांगितलं, टाळ्या पडल्या. मुलीच्या मार्कांचा रकाना दुसऱ्या तक्त्यात होता, तिथे खाली 'इतर घटकांमुळे' असं लिहिलं की भागतं.

मी उठले तशी आई म्हणाली, "आता होते ना बराबर, मॅडम? आता घेतील ना पोरीले?"

जागा भरल्याचं मला माहीत होतं. म्हटलं, "बाई कळवतील तुम्हाला." तेवढ्यावर तिचा चेहरा उजळला. तिनं मुलीला म्हटलं, जा, मॅडमले खाली सोडून ये, जिन्यात पायरी मोडली हाय.

मुलगी पुढे झाली. मोडकी पायरी दाखवली, मग दारापर्यंत आली आणि तिथेच उभी राहिली. गल्लीत भांड्यांचा ठोका चालू होता, त्यामुळे तिला जरा मोठ्यानं बोलावं लागलं.

"मॅडम, तुम्ही आईला सांगाल? मला परत टोकत जा म्हणून. मी सांगितलं तर म्हणते, मॅडमनी नको म्हटलंय. मला आता कळतच नाही, मला काय येत नाही ते."

दहा वर्षांची पोर. माझ्या तीनशे पानांचं सार तिनं एका वाक्यात सांगितलं, तेही माझ्या प्रबंधाच्या विरुद्ध. मी तिच्या गालाला हात लावला, "सांगते हं" म्हटलं, आणि रिक्षाला हात केला.

नाही सांगितलं. तिसरी फेरी मार्चमध्ये व्हायची होती, आणि मध्येच पालकाचं वागणं बदललं की नोंदी बिघडतात.